एफ/३२ वर ‘सगळं शार्प’ येत नाही

पावसाळा लागला की फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरायला लागतो. मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी अगदी जवळून टिपायची लेन्स) पारखायची तर समोरच्या इमारतीचा फोटो काढा. चारही कोपरे शार्प आले की लेन्स उत्तम. किडे टिपताना अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, थेट एफ/३२ इतकं बारीक करा, सगळं शार्प येतं. कडांना जांभळी-हिरवी छटा आली तर सॉफ्टवेअर काढतं. आणि १०० एमएम फोकल लेंग्थचीच लेन्स घ्या, किडा लांब राहतो.

आधी इमारत. तिच्या फोटोवरून लेन्स लांबच्या फोकसला कशी आहे एवढंच कळतं. जवळ फोकस करताना आतल्या काचा सरकतात आणि लेन्सचं वागणं बदलतं. लेन्स किती शार्प आहे हे दाखवणारे कंपन्यांचे एमटीएफ आलेखही बहुतेकदा अनंतावरच्या फोकसचेच असतात. मॅक्रोची परीक्षा १:१ वरच, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकारात पडते तिथेच, घ्यावी लागते, आणि त्यासाठी पाचशेची कोरी नोट पुरते. तिच्यावर ‘भारत’ अशी सूक्ष्म अक्षरं आहेत. नोट सपाट फळीवर चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. नोटेवर छोटा आरसा टेकवून लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यात आणा, म्हणजे सेन्सर आणि नोट समांतर झाले. मग आरसा काढून फोटो घ्या. कोपरा मऊ आला तर लगेच लेन्सला नावं ठेवू नका. त्याच कोपऱ्यावर वेगळा फोकस करून बघा. आता तो शार्प आला, तर लेन्सचा फोकस सपाट प्रतलात बसत नाही एवढाच अर्थ. कागदपत्रं, तिकिटं टिपणाऱ्याला हा दोष नडेल. कोळ्याचे डोळे टिपणाऱ्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

आता एफ/३२. खरी गफलत इथे आहे. १:१ ला पोचेपर्यंत दीड ते दोन स्टॉप प्रकाश घटतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). निकॉनच्या कॅमेऱ्यावर १०५ एमएम एफ/२.८ व्हीआर मायक्रो ही मॅक्रो लेन्स लावून जवळ गेलात की एफ/२.८ चा आकडा आपोआप एफ/४.८ च्या आसपास जातो, आणि लेन्स बिघडली की काय असं लोकांना वाटतं. कॅननच्या डीएसएलआरवर आकडा हलत नाही, प्रकाश मात्र घटतोच. म्हणजे तिथे लावलेलं एफ/३२ प्रत्यक्षात एफ/६० च्या घरात असतं. इतक्या बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो. या विवर्तनामुळे हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे ८० मायक्रॉनची चकती होऊन पडतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा. लेन्स कितीही महागडी असो, तेरा पिक्सेलभर पसरलेला तपशील ती परत आणत नाही.

या सल्ल्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो टिकलाय. डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये दिसणारी खोली, वाढते: १:१ वर एफ/८ ला जेमतेम १ मिलिमीटर मिळते, एफ/३२ ला चारेक. पण त्या चार मिलिमीटरमध्ये काहीच धारदार नसतं. विषय स्थिर असेल तर एफ/५.६ किंवा एफ/८ वर फोकस थोडा थोडा सरकवत फोटो घ्या आणि स्टॅकिंग करा, म्हणजे त्या फोटोंचे शार्प भाग सॉफ्टवेअरमध्ये एकत्र जोडा. निकॉन डी८५० सारख्या कॅमेऱ्यात तर फोकस सरकवण्याची सोय आतच आहे. चालत्या मुंगीवर हे जमत नाही. तिथे फ्लॅश लावून एफ/११ ते एफ/१६ ही तडजोड मलाही मान्य आहे. फोटो फोनवरच बघायचा असेल तर फरक फारसा जाणवतही नाही.

छटांचं म्हणणं निम्मं बरोबर. फ्रेमच्या कडेला दिसणारी आडवी रंगछटा सॉफ्टवेअर सहज पुसतं. फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी पडते ती वेगळी, आणि चिवट. स्टीलची पट्टी ४५ अंशांत ठेवून पूर्ण उघड्या अपर्चरला तिच्या रेघा टिपा, लगेच दिसेल. दवाच्या थेंबांवर ती फार खटकते.

राहिलं १०० एमएम. कॅननची ईएफ १०० एमएम एल मॅक्रो १:१ ला सेन्सरपासून ३० सेंटिमीटरवर फोकस करते. खरोखर १०० एमएमची साधी लेन्स तिथे ४० घेईल. म्हणजे जवळ येताना तिची फोकल लेंग्थ घटलेली असते, आणि लेन्सच्या टोकापासून किडा उरतो जेमतेम १३-१४ सेंटिमीटरवर. हूड लावलात तर त्याहूनही कमी.