एल्फांच्या जादूला स्लॉट का नाहीत: ‘रानसूर’वरील अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळात एल्फांच्या (जादू जाणणाऱ्या, दीर्घायुषी काल्पनिक जमातीच्या) जादूला वेगळे नियम देणाऱ्या आमच्या ‘रानसूर’ या नियमपुस्तिकेला आपण दोन तारे दिलेत. त्याखालचा लांबलचक अभिप्राय मी शेवटपर्यंत वाचला. पुस्तिका नुसती चाळून नाही, तर टेबलावर खेळून पाहून आपण लिहिलं आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी आपल्या तक्रारी थोडक्यात: स्पेल स्लॉट (किती मंत्र टाकता येतील याचा ठरलेला कोटा) काढून टाकल्याने एल्फ पात्र बाकी सगळ्यांवर भारी पडतं, लढाई संपली की ते रात्रभर फुकट उपचार करत बसतं, लोखंडाने एल्फची जादू बिघडते हा नियम चिलखत घालणाऱ्या फायटरवर (लढवय्या पात्रावर) अन्याय करतो, आणि मूळ खेळात एल्फांवर अशी बंधनं कधीच नव्हती.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो वस्तुस्थितीला धरून नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या पहिल्या नियमांत एल्फ खेळणाऱ्याला प्रत्येक मोहिमेआधी ठरवावं लागे, या खेपेला तलवार की जादू. १९८१ च्या बेसिक संचात एल्फ हा स्वतंत्र क्लासच (पात्राचा पेशाच) होता. तलवार आणि जादू दोन्ही मिळत, पण दुसरी लेव्हल गाठायला ४,००० अनुभवगुण लागत. फायटरला २,००० आणि मॅजिक-यूझरला (जादूगाराला) २,५०० पुरत. वर त्याच वर्षीच्या एक्स्पर्ट संचात एल्फची वाढ दहाव्या लेव्हलला थांबायची. म्हणजे एल्फ असण्याची किंमत या खेळाने पहिल्यापासून वसूल केली आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ती उरली नाही. हाय एल्फ या पोटजातीला विझार्डची (मंत्र शिकलेल्या जादूगाराची) एक कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा मंत्र) मिळते, आणि विझार्ड झाला तर त्याची पुढची जादू माणसाच्याच वहीतली. साडेसातशे वर्षं जगू शकणारा जीव आणि परवा मंत्र शिकलेला पोरगा एकाच पद्धतीने एकच मंत्र पाठ करतात, हे मला कधीच पटलं नाही. ‘रानसूर’ लिहायला घेतलं ते त्यासाठी.

आता स्लॉट. आमच्या नियमांत एल्फ मंत्र टाकत नाही, गातो. पूर्ण ॲक्शन (आपल्या पाळीतली मुख्य कृती) खर्च करून एका राउंडला (सगळ्यांच्या एकेका पाळीला) एक सूर लागतो, आणि तिसऱ्या पातळीच्या परिणामाला असे तीन सूर सलग लागतात. मध्ये मार बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात तो गुण मिळवायचा: दहा किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यांतलं जे मोठं असेल ते गाठायचं. मूळ नियमांतल्या कॉन्सन्ट्रेशनचंच (मार खाऊनही मंत्र टिकवण्याचंच) हे गणित आहे. कॉन्स्टिट्यूशन अधिक दोन असलेल्या एल्फला दहा गाठायला फाशावर आठ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६५ टक्के शक्यता. तीन राउंडच्या गाण्यात दोनदा मार बसला तर गाणं पूर्ण होण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर येते. विझार्डचा आगीचा गोळा तोवर केव्हाच फुटलेला असतो. शिवाय एल्फला शून्यातून काही निर्माण करता येत नाही. जागवणं, निजवणं, लपवणं, सांधणं, आठवणं, एवढंच त्याच्या हातात. निखारा असेल तर तो भडकवेल. नसेल तर नाही.

आपल्या टेबलावर एल्फ भारी पडला त्याचं कारण आपल्याच अभिप्रायात आहे: प्रत्येक लढाईत शत्रू फायटरवरच तुटून पडले. गाणं साठ फुटांपर्यंत ऐकू जातं, हे आम्ही नियमात मुद्दाम लिहिलं आहे. ज्याला ऐकू येतं तो शत्रू गाणाऱ्याकडे वळणारच. मग फायटरला आडवं उभं राहावं लागतं, रोगला (चोरट्या पात्राला) कुणाचं तरी लक्ष भलतीकडे वेधावं लागतं, आणि एका खेळाडूची जादू सगळ्या टेबलाची होते. मला हेच हवं होतं. स्लॉट ठेवले असते तर बाकीचे आपली पाळी येईपर्यंत नुसते बसून राहिले असते.

रात्रभराच्या उपचारांचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नियम असा: एल्फला गाऊन एका जागेकडे एक क्रिया (सांधणं, जागवणं वगैरे) एकदाच मागता येते, पुढच्या अमावास्येपर्यंत. आपले खेळाडू जंगलातल्या एका मोकळ्या जागेतून पन्नास पावलांवरच्या दुसऱ्या मोकळ्या जागेत गेले आणि ‘ही नवी जागा’ म्हणून पुन्हा सांधणं मागितलं. नियमानुसार ते चालत नाही. जागा म्हणजे टेबलावरच्या सगळ्यांनी आधीपासून एका नावाने ओळखलेली जागा. जंगल एक, त्यातली नदी दुसरी, नदीकाठचं पडकं देऊळ तिसरी. पण डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) त्यांची नावं खेळात आधी घेतलेली हवीत. गरज पडल्यावर ठेवलेलं नाव धरायचं नाही. फुटांचं माप मी जाणूनबुजून दिलं नाही. माप दिलं की खेळाडू पावलं मोजतात. नाव विचारलं की ते डीएमला त्या जागेबद्दल प्रश्न विचारू लागतात. आणि मग खरा पेच उभा राहतो: आज रात्री या नदीकडे मित्राची जखम सांधून मागायची, की परतीच्या वाटेवर याहून वाईट प्रसंग येईल म्हणून ती राखून ठेवायची? बाकीचे आठ तास झोपतात, एल्फचा ट्रान्स (झोपेऐवजीचं ध्यान) चार तासांत आटोपतो, म्हणून उरलेल्या चार तासांत तो हवं तेवढं गाईल असं आपण लिहिलंत. गाऊ दे. जागा तीच आहे, तिने एकदा दिलेलं ती पुन्हा देत नाही.

उपचारांवर प्रोफिशियन्सीइतकी (लेव्हलबरोबर वाढणाऱ्या कौशल्याच्या आकड्याइतकी) रोजची मर्यादा घाला, म्हणजे पहिल्या चार लेव्हलना दिवसातून दोनदा, ही आपली सूचना आपल्या टेबलासाठी जरूर वापरा. पुस्तिकेत मी ती घेणार नाही; ती आली की स्लॉट मागच्या दाराने परत आले.

लोखंडाचा नियम एल्फच्या स्वतःच्या अंगावरच्या लोखंडापुरताच आहे. शेजारी उभ्या असलेल्या फायटरच्या चिलखताने काही बिघडत नाही.

आणखी उदाहरणं हवीत, ही आपली मागणी मात्र रास्त आहे. एका लढाईचा आणि त्यानंतरच्या रात्रीचा राउंडगणिक खेळ मांडणारी पुरवणी मी लिहितो आहे. ज्यांनी पुस्तिका घेतली आहे त्यांना ती विनामूल्य मिळेल. तोवर एक सेशन असं खेळून पाहा: शत्रूंना गाणं ऐकू येऊ द्या आणि जागांची नावं खेळ सुरू होण्याआधीच कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवा. त्यानंतरही एल्फ भारी पडला तर पात्राची लेव्हल आणि कोणती क्रिया कुठे मागितली ते मला कळवा, मी ते आकडे पुन्हा तपासेन. पैसे परत हवे असतील तर तेही विनातक्रार मिळतील.

आपला,
‘रानसूर’चा लेखक आणि प्रकाशक