नाईस जावई

आमच्या जावयांकडं कौतुकाला एकच शब्द आहे. नवी गाडी नाईस, बारशाचं आमंत्रण नाईस. मी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे पाठवला, त्यालाही अंगठा आणि 'नाईस'. जावई म्हटल्यावर बोलायची सोय नाही.

वेळा अमावस्येला, आमच्याकडच्या शेतातल्या सणाला, त्यांना शेतात नेलं. त्या दिवशी लातूरचे रस्ते ओस पडतात, जो तो शेतात कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे खोपटापुढं. बायको आदल्या रात्रीपासून चुलीला चिकटलेली. भज्जीत ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा आणि बाजारात दिसेल ती भाजी. सोबत बाजरीचे उंडे आणि बिंदग्यातली, म्हणजे छोट्या घागरीतली, लसणाची आंबील. जावयांनी उंडा भज्जीत कुस्करला, घास घेतला आणि मोबाइलवरची नजर न काढता म्हणाले, "नाईस."

बायकोनं मला बाजूला घेतलं. "काय म्हणलालेत ओ? आवडलं का न्हाई?"

"आवडलं असंल."

"मग परत का घेतलं न्हाई?"

बिनतोड सवाल. आमच्याकडं माणूस कौतुक बोलत नाही, ताट पुढं सरकवतो.

रात्री मी त्या शब्दाची वंशावळच काढली. मूळ लॅटिन 'नेस्कियस'. 'ने' म्हणजे नाही, 'स्कीरे' म्हणजे जाणणं. थोडक्यात, अडाणी! 'सायन्स' त्याच 'स्कीरे'च्या घरातलं, पण ते शिकलं. हा 'नाईस' फ्रेंचांमार्फत १३०० च्या सुमारास इंग्रजीत शिरला तो 'मूर्ख' म्हणून. मग नखरेल, चोखंदळ, काटेकोर असं करत अठराव्या शतकात 'छान' झाला. सोयरीक जमवताना दहावी नापास पोरगं पत्रिकेत 'उद्योजक' होतं, तसलाच प्रकार. १८१७ च्या अखेरीस आलेल्या 'नॉर्थँगर ॲबी'त जेन ऑस्टिनचा नायक याच शब्दाची टर उडवतो: पुस्तक नाईस, दिवस नाईस, फेरफटका नाईस, पोरीही नाईस. म्हणजे आमच्या जावयांचं दुखणं दोनशे वर्षांचं जुनाट. त्यावर माझ्यासारख्या सासऱ्यानं काय औषध द्यावं?

बायकोला सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही, तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती.

सकाळी निघताना तिनं उरलेल्या भज्जीचा डबा हातात दिला. शिळी भज्जी जास्तच चवदार लागते. जावई म्हणाले, "नाईस, आई."

ती पदर सावरत हसली. "तुमी बी लई नाईस हाव बघा, जावईबापू."

जावई बस सुटेपर्यंत खुशीत होते.