आबांचे बायपास

परवा पहाटे साडेपाचला कोल्हापूरहून चुलतभावाने फोन केला. "दादा, आबांचं शेवटी बायपासच झालं, तू लगेच नीघ," एवढे बोलून त्याच्या मोबाईलने मान टाकली. आबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यात मधुमेही. त्यामुळे सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावतच थर्मास भरला आणि मी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर जाऊन उभा राहिलो. तिथल्या मुलीने तीनदा यादी तपासून असा रुग्णच नसल्याचे सांगितले, तेवढ्यात खुद्द आबांचा फोन आला. "मुंबईची गाडी गावात शिरत नाही म्हणून वारज्याला बायपासवर उतरवलंय. तासभर डास मारतोय. येतोस का?"

'बाय' म्हणजे बाजूने आणि 'पास' म्हणजे जाणे, एवढाच या जोडशब्दाचा संसार. पण पसारा पाहा. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ साली क्लीव्हलँड येथे पायातली शीर काढून हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा दिला, तोही बायपास. नळवाला पाण्याच्या फिल्टरला चुकवून नळी जोडतो, तोही बायपास; आणि आमचे साहेब मला डावलून कनिष्ठाला बैठकीला नेतात, तेव्हा मी स्वतःच बायपास झालेला असतो. सरकारी फलकावर 'बाह्यवळण मार्ग' असा सोवळ्यातला शब्द असतो खरा, परंतु "बाह्यवळणवाले उतरून घ्या" असे ओरडणारा क्लीनर मला अद्याप भेटलेला नाही.

कात्रज ते देहूरोड हा बायपास पुण्याला टाळण्यासाठी बांधला, पण टाळून घेणे पुण्याला मुळात मान्यच नसल्यामुळे ते त्याच्या दोन्ही अंगांना पसरले. चांदणी चौकातला जुना पूल कोंडीपायी २ ऑक्टोबर २०२२ रोजी स्फोटकांनी पाडावा लागला. म्हणजे धमनीला वळसा द्यायचा आणि मग त्या वळशातच गुठळी व्हायची, अशातला प्रकार. आता नवे उड्डाणपूल आहेत, आणि त्यांतल्या कोणत्या फाट्याला लागायचे हे ठरेपर्यंत माणूस बावधनात पोहोचलेला असतो.

त्या दिवशी मीही पोहोचलो. आबा महामार्गापलीकडच्या सेवारस्त्यावर होते, मी अलीकडे होतो, आणि वारज्याचा भुयारी मार्ग मागेच सुटला होता. वळून येईतो नऊ वाजले. आबा बोचक्यावर बसले होते. थर्मासमधला चहा कोमट झाला होता, तो त्यांनी निमूटपणे प्यायला.

"ऑपरेशनच केलं असतं," कप परत देत ते म्हणाले, "तर एव्हाना वॉर्डात आलो असतो."