माझ्या आईचा विश्वास कमी पडला होता का?

संध्याकाळी घरगुती प्रार्थनासभेहून आले, तेव्हापासून जेवणसुद्धा गेलं नाही.

सभा एका तरुण मुलीच्या घरी होती. तिचा नवरा डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. बाहेरगावहून आलेल्या उपदेशकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बेटी, विश्वास कमी पडतोय. नाहीतर हा कधीच उठून कामाला लागला असता." ती खाली मान घालून चहाचे कप गोळा करायला लागली. आम्ही पंधरावीस जण 'आमेन' म्हणालो. मीही म्हणाले. त्याचीच जास्त आग होतेय.

लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण आमच्याकडे, नेवासा तालुक्यात, खरा जाळ १९७३च्या उन्हाळ्यात लागला. बैलजोडी विकून झाली होती. आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला सुकडी, नाहीतर रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी, तीही थापता थापता तुटायची. मी आठ वर्षांची. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसायचे. त्या मे महिन्यात त्याला हगवण लागली आणि तो गेला. अकरा महिन्यांचा होता. चर्चमागे मातीत ठेवला. तिसऱ्या दिवशी आई परत हातोडा घेऊन खडीच्या ढिगावर बसली. आणि ती देवाचं भजन गात होती.

मला तिचा इतका राग आला होता! म्हटलं, "आई, बाळ्या गेला आणि तू गाणं म्हणतेस?" ती म्हणाली, "मग काय करू, बाई? त्याच्याबिगर आहे कोण आपल्याला?"

आता सांगा, तिचा विश्वास कमी होता?

प्रार्थनेनं बरी झालेली माणसं मीही पाहिली आहेत, ते नाकारत नाही. पण जे बरे झाले नाहीत त्यांच्या बायकापोरांच्या माथी दोष मारायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंना जाऊन सांगाल हे? तरुणपणी आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या वणवणीत गमावलेली ती बाई. १८९६-९७च्या दुष्काळात तीच मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून घेऊन आली. १९२१ साली तिची एकुलती एक मनोरमा गेली. तेव्हाही हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम तिने सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिलला, ती स्वतः गेली. बायबलातल्या प्रेषित पौलाने आनंदाचं पत्र फिलिप्पैकरांना लिहिलं ते कुठून? तुरुंगातून! त्याच्या बेड्या कोणाच्या अविश्वासामुळे होत्या?

आईला वाचता येत नव्हतं. रात्री कंदिलापाशी ती माझ्याकडून बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचून घ्यायची. अंजीर फुललं नाही, शेतात पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. गोठ्याची ओळ आली की आई दाराकडे बघायची. आमचा रिकामा गोठा तिथेच होता. त्या अध्यायात पुढे गुरं परत आली असं कुठेही लिहिलेलं नाही. मला हे कळायला चाळीस वर्षं लागली, आईला तेव्हाच कळलेलं होतं.

काही मित्र म्हणतील, हे मनाचं समाधान आहे. असेल त्यांच्या लेखी. पण खडीवरचा तो आवाज मी ऐकलाय. दुसऱ्या कडव्याला तो दर वेळी फुटायचा. मग ती पदरानं तोंड पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून धरायची. भजन नारायण वामन टिळकांचं, चाल अभंगाची. त्यामुळे शेजारी खडी फोडणाऱ्या माळकरी मावशींनाही ठेका बरोबर सापडायचा. त्या हातोडीनं ताल धरायच्या. एवढ्या उन्हात त्या दोघी कधीकधी चक्क हसायच्या. मी बाभळीखालून बघत राहायचे. तेव्हाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझी भीती गेली. घरात दाणा नव्हता, भाऊ नव्हता, आणि तरीही आता आपलं काही बिघडत नाही असं वाटलं होतं. अजून वाटतं.

त्या उपदेशकांबद्दल लिहायला बसले होते, आईबद्दलच लिहून झालं. राहू दे.

मघाशी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, मी 'आमेन' म्हणायला नको होतं, चुकले. ती काही बोलली नाही, नुसती रडली. उद्या डायलिसिसला तिच्याबरोबर मी जातेय. चार तास बाहेरच्या बाकावर ती आजवर एकटीच बसायची. तिला वाटलं तर आईचं भजन म्हणू, नाही वाटलं तर नुसत्या बसू. डबा माझ्याकडे आहे.