दरडोईची ढाल कुणासाठी?

सोलापुरातल्या ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार एवढंच: हवामान बदल श्रीमंत देशांनी केला, आपलं दरडोई उत्सर्जन कमी आहे, म्हणून आधी विकास, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याच्या उद्दिष्टाचं पुढं बघू.

श्रीमंत देशांचा दोष खराच आहे. भारतात माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, तर अमेरिकेत सुमारे १४ टन. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व १९९२ च्या हवामान करारातच आहे. भारतानं ते लावून धरलं, ते योग्यच केलं.

माझी हरकत त्यापुढच्या ‘म्हणून’ला आहे. सोलापूरच्या पूर्वभागात पत्र्याच्या खोलीत विड्या वळणारी बाई आणि चार एसींचा बंगला या सरासरीत एकत्र मोजले जातात. आकडा कमी दिसतो तो तिच्या गरिबीमुळं, सवलत मात्र बंगल्याला मिळते. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ अंशांवर जातो. तिची मजुरी हजार विड्यांमागे. उकाड्यानं हात थांबला की तेवढे पैसे गेले. यंत्रमागावरच्या कामगाराचंही तेच. जगाकडे न्याय मागणाऱ्या देशानं तो आधी हिला द्यायला हवा.

‘आधी विकास’ म्हणताना सोलापूरजवळच्या फताटेवाडीकडे बघा. १३२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, त्याला पाणी उजनीचं, वीज परराज्यांतही जाते. राख इथंच राहते आणि सोलापूरकरांच्या नळाला पाणी काही दिवसांआड. वीज हवीच. पण लाभ कुणाला आणि भार कुणावर, हे धोरण ठरतानाच विचारायचं असतं.

२०७० लांब आहे? कोळशाचं केंद्र एकदा उभारलं की पंचवीस-तीस वर्षं सहज चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरानं माढा, मोहोळ, करमाळ्यातली पिकं बुडवली. एकाच पुराचं खापर हवामान बदलावर फोडणं बरोबर नाही, पण हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते आणि त्यामुळं पाऊस जास्त जोरानं पडू शकतो, हे पक्कं आहे.

मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माळढोक पक्ष्याच्या खटल्यात (हो, आपल्या नान्नजचा माळढोक) हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क मान्य केला. त्याला आधार कलम १४ आणि २१ चा. हवामान बदलाच्या नुकसानभरपाईचा निधी २०२२ साली इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी भांडून मिळवला. तशीच, उन्हानं बुडालेल्या मजुरीची भरपाई विडी आणि यंत्रमाग कामगारांना मिळेल अशी तरतूद राष्ट्रीय धोरणात करा.