‘आता ऑपरेशन झालंय, मूल लाडानेच चड्डी खराब करतं’ : हे साफ चूक आहे

जन्मतः शीची जागा नसलेल्या किंवा ती भलतीकडे उघडणाऱ्या मुलांबद्दल एक संदेश पालकांमध्ये खूप फिरतोय. त्यात म्हटलंय: ऑपरेशनने जागा झाली की मूल बरं झालं, नंतर चड्डी खराब होते ती लाडामुळे, वयाबरोबर थांबेल, आणि रेचक, एनिमा देऊ नका, आतड्याला सवय लागते. यातलं एकही विधान टिकत नाही.

ऑपरेशन वाट तयार करतं. डीव्रीस आणि पेन्या या सर्जननी 1982मध्ये मांडलेल्या पद्धतीत सर्जन स्नायूंचा मध्य शोधून आतडं तिथे बसवतात. पण आतल्या झडपेचा स्नायू, तिथली संवेदना, नसा यांत जन्मतःच जे कमी आहे, ते टाक्यांनी येत नाही. आतडं त्वचेवरच, फक्त जरा पुढे उघडत होतं आणि मणका नीट आहे, अशी बहुतेक मुलं पुढे स्वतः सांगून शी करू लागतात. मूत्राशयाच्या तोंडाशी उघडत होतं, त्रिकास्थीही (मणक्याच्या खालच्या टोकाचं हाड) अपुरी आहे, अशा मुलांना ते फार अवघड जातं. या दोघांची तुलना करणं अन्याय आहे.

‘लाडामुळे’ हे वाचून सर्वांत जास्त वाईट वाटतं. दिवसभर चड्डीला थोडी थोडी पातळ शी लागत राहते. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत, मग कुणी जुलाब थांबवायचं औषध देतं. पण पोटावर डावीकडे खाली हात दाबून बघा, अनेकदा कडक गोळे हाताला लागतात. एक्स-रेत मोठं आतडं शीने गच्च भरलेलं दिसतं. ती पातळ शी या खड्यांच्या कडेने झिरपत असते. ताणलेल्या आतड्याची जाणीव बोथट होते, त्यामुळे मुलाला ते कळतही नाही. त्याला रागावून काय होणार?

आपोआपही थांबत नाही. साचल्याने आतडं फुगतं आणि फुगलेलं आतडं शी पुढे ढकलेनासं होतं.

आता सवयीची भीती. बद्धकोष्ठ हा या ऑपरेशननंतरचा नेहमीचा त्रास, तोही या दोषाच्या सौम्य प्रकारांत जास्त. अशा मुलाला सेना (सोनामुखी) या रेचकासारखं औषध, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने, वर्षानुवर्षं लागू शकतं. ताबाच नसलेल्या मुलाची गळती मात्र रेचकाने वाढते. त्याला रोज ठरल्या वेळी एनिमा लागतो, म्हणजे पुढच्या दिवसापर्यंत चड्डी कोरडी राहते. प्रमाण नीट बसलं का, हे पोटाच्या एक्स-रेवरून पाहतात. मूल मोठं झालं की अपेंडिक्सचं तोंड पोटावर आणून त्या वाटेने वरून पाणी सोडायची सोय करता येते, सर्जन मॅलोन यांनी 1990मध्ये मांडलेली. मग ते टॉयलेटवर बसून, दार लावून, स्वतःचा एनिमा स्वतः घेतं.