‘सगळं मान्य’ म्हणा आणि मोकळे व्हा

खासगीपणाची काळजी हल्ली फार जण करतात आणि ती बहुतेक वेळा स्वतःचा फोटो, नाव आणि ठिकाण जोडून समाजमाध्यमांवर जाहीर करतात. तुम्ही त्यांच्यातले असाल तर आधी शांत व्हा. इंटरनेटवर सुखानं नांदायला एकच गुण पुरतो: कुणीही काहीही विचारलं की ‘हो’ म्हणायचं.

सराव कुकीच्या पाटीपासून करा. कुकी म्हणजे तुम्हाला पुन्हा ओळखता यावं म्हणून साइट तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवते ती चिठ्ठी, आणि पाटी म्हणजे तिची परवानगी मागणारी चौकट. कुठलीही वेबसाइट उघडा, अर्धा स्क्रीन व्यापून ती वर येते आणि आधी ग्वाही देते की तुमचा खासगीपणा आमच्यासाठी मोलाचा आहे. यावर शंका घेऊ नका. तो खरोखरच मोलाचा आहे. पान उघडेपर्यंतच्या क्षणभरात तुम्हाला जाहिरात कुणी दाखवायची याचा लिलावसुद्धा उरकलेला असतो. पाटीखाली दोन बटणं. ‘सगळं स्वीकारा’ हे ठसठशीत, रंगीत, अंगठा टेकलेला असतो नेमकं तिथंच. ‘पर्याय पाहा’ हे राखाडी, बारीक, दिसलं तर दिसलं. ते दाबू नका. मला खोड आहे म्हणून मी दाबतो आणि आत काय असतं ते सांगतो. आत ‘आमचे भागीदार’ असतात, कधीकधी शेकड्यांनी, आणि त्यातल्या एकाचंही नाव तुमच्या कानावरून गेलेलं नसतं. प्रत्येकापुढे एक छोटं बटण, आणि ती सगळी बंद. तुम्ही सुखावता. मग शेजारी ‘न्याय्य हितसंबंध’, म्हणजे तुमच्या संमतीवाचूनही माहिती वापरायचा कंपन्यांचा दावा, असा आणखी एक कप्पा दिसतो. त्यात तेच भागीदार पुन्हा भेटतात आणि इथं मात्र सगळ्यांची बटणं आधीपासून चालू! एकेक बंद करत तळाशी पोचलात की ‘निवड जतन करा’ हे फिकट अक्षरांत आणि शेजारी ‘सगळं मान्य’ पुन्हा झळकत उभं. बोट सवयीनं कुठे जातं ते तुम्हीच बघा. आणि हे सगळं कशासाठी, तर उद्या पाऊस आहे का ते पाहायला.

हा सोहळा बहरला तो युरोपातला जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा 25 मे 2018 ला लागू झाल्यावर. माणसाची संमती त्यानं समजून-उमजून, मोकळेपणानं दिलेली हवी, असं तो कायदा म्हणतो. चांगलं म्हणतो. त्याआधी तुमच्यावर न विचारता पाळत ठेवली जायची. आता विचारून ठेवली जाते, त्यामुळे तक्रार करायची वेळ आलीच तर ती तुम्हाला स्वतःविरुद्ध करावी लागेल. याला प्रगती म्हणायचं नाही तर कशाला?

अटी आणि शर्ती वाचायच्या नसतात हे वेगळं सांगायला नको. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2008 मध्ये हिशेब मांडला होता: अमेरिकेतल्या एका माणसानं तो जातो त्या प्रत्येक साइटचं गोपनीयता धोरण वाचायचं म्हटलं, तर वर्षाचे सुमारे 201 तास त्यातच जातील. तेव्हा तर खिशात आजच्याइतकी अ‍ॅप्सही नव्हती. पुढे 2017 मध्ये मँचेस्टरच्या एका वायफाय कंपनीनं गंमत म्हणून आपल्या अटींत एक कलम घुसवलं, की फुकट वायफायच्या बदल्यात 1,000 तास समाजसेवा करावी लागेल, सार्वजनिक संडास घासण्यासकट. दोन आठवड्यांत 22,000 लोकांनी ते मान्य केलं. कलम लक्षात आलं एकाच्या. तो एक जण तुम्ही होऊ नका. असल्या माणसाला कुणी ग्रुपमध्येही घेत नाही.

अ‍ॅपनं टॉर्च लावायला तुमचं ठिकाण मागितलं तर देऊन टाका. 2013 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अशाच एका लोकप्रिय टॉर्च अ‍ॅपला धरलं होतं. करार मान्य की अमान्य हे सांगायला बोट उचलायच्या आधीच त्या अ‍ॅपकडून तुमची माहिती गोळा करून पाठवायला सुरुवात झालेली असायची, असा आयोगाचा आरोप होता. इतकी तत्पर सेवा हल्ली मिळते कुठे?

कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली तर मात्र खास उदारपणा दाखवा, कारण त्यात तुमचं स्वतःचं असं काहीच जात नाही. मावशीचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, जुन्या ऑफिसातल्या साहेबांचा नंबर आणि ‘उचलू नको’ या नावानं सेव्ह केलेला तो नंबर. यातल्या एकालाही तुम्ही विचारलेलं नाही आणि त्यांना कधी कळणारही नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची इतकी सोय आजवरच्या कुठल्याच पिढीला नव्हती. मावशी बिचाऱ्या फोनच वापरायच्या नाहीत म्हटल्या, तरी तुमच्यासारखे पाच भाचे असले की त्यांची कुंडली पुरी होते.

आता तर मन मोकळं करायला चॅटबॉट आलेत. दुखणं, नोकरीतली कटकट, नवराबायकोतली धुसफूस, सगळं लिहा; तो कंटाळत नाही. 2025 मध्ये चॅटजीपीटीवरच्या काही लोकांच्या अशा गप्पा गुगलवर शोधल्या की सापडायला लागल्या होत्या. का? तर संभाषणाची लिंक बनवताना ‘हे शोधता येऊ द्या’ असा एक चौकोन होता आणि त्यावर त्यांनी स्वतःच टिक केली होती. गाजावाजा झाल्यावर कंपनीनं तो चौकोन काढून टाकला. टिक करायची एक संधी कमी झाली, इतकंच.

तरीही ‘नाही’ म्हणायची हौस असेलच तर ‘डू नॉट ट्रॅक’ची हकीकत ऐकून घ्या. ब्राउझरमध्ये एक खूण चालू करायची, की तो प्रत्येक साइटला सांगणार, ‘माझ्या मागे येऊ नका.’ सुरेख कल्पना. फक्त ऐकायचं बंधन साइटवर नव्हतं, त्यामुळे फारसं कुणी ऐकलं नाही. त्यातच 2010 मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेनं तपासलेल्या ब्राउझर्सपैकी 83.6 टक्के त्यांच्या निव्वळ ठेवणीवरून, म्हणजे फॉन्ट, स्क्रीनचा आकार, टाइमझोन असल्या गोष्टींवरून, बाकीच्यांतून वेगळे ओळखता आले होते. कुकीसुद्धा लागली नाही. त्या ठेवणीत मग ‘मागे येऊ नका’ हीदेखील एक खूण झाली, आणि ती चालू करणारे थोडे असतील तर गर्दीत उठून कोण दिसणार? हात दाखवून अवलक्षण ते हेच. 2019 मध्ये अ‍ॅपलनं आपल्या सफारी ब्राउझरमधून ही सोय काढली तेव्हा कारण हेच दिलं, की ओळख पटवायला तिचाच वापर होऊ शकतो.

तुमच्या ब्राउझरमध्ये ती अजून चालू असेल तर आजच बंद करा. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग स्क्रोल करत अगदी खालपर्यंत. नाही सापडली तर सरळ गुगलला विचारा, लॉगिन करून.